टोनचे नॉब नसलेला मिक्सर

अण्णा, मला एक मिक्सर घ्यायचा आहे. लहान, पिशवीत मावेल असा. तुम्ही असता तर पहिल्यांदा विचारलं असतं, माईक किती? माईक एकच आहे. बाकी तीन वस्तू आहेत, त्यांचा आवाज थेट तारेतून येतो. एक तळहातापेक्षा थोडा मोठा सिंथेसायझर. त्याच्या पट्ट्या इतक्या अरुंद आहेत की माझी दोन बोटं शेजारी शेजारी ठेवली तर तिसरी पट्टी दाबली जाते. एक तालाचं यंत्र. ते कॅल्क्युलेटरसारखं दिसतं आणि त्याला मागचं झाकण नाही, सगळं सर्किट उघडं. तिसरा सॅम्प्लर, म्हणजे ज्यात बाहेरचा कुठलाही आवाज भरून ठेवायचा आणि बटण दाबलं की तो वाजतो. तिघांच्या तीन तारा, चौथी माईकची. आमच्या कॉलेजच्या सभागृहातल्या मशीनला, म्हणजे ॲम्प्लिफायरला, तार लावायला मोकळी जागा आहे एक. चार आवाज एका तारेत घालायचे तर मध्ये मिक्सर लागतो. हे तुम्हाला समजावून सांगायची गरज नाही. पण गेल्या तीन आठवड्यांत हे मी इतक्या जणांना समजावून सांगितलं आहे की सवय झाली.

पुढच्या शनिवारी आमच्या वाङ्मय मंडळाचं उद्घाटन आहे. मुलांनी लिहिलेल्या कविता मी वाचणार आणि त्यांच्या खाली, मागे, कधी वरून हे आवाज असणार. माझ्याबरोबर आमच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी एक तरुण बाई आहे. ती यंत्रं वाजवते, मी वाचते आणि मधून मधून पट्ट्या दाबते. मी चोपन्न वर्षांची झाले. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली. तुम्ही गेलात तेव्हा हे शहर औरंगाबाद होतं, आता कॉलेजच्या पाटीवर छत्रपती संभाजीनगर आहे. तुमचं दुकान होतं त्या बोळात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. भोंगे भाड्यानं देणारा तिथं कुणी उरलेला नाही.

मिक्सर बघायला मी क्रांती चौकाजवळच्या एका दुकानात गेले होते. दुकानदारानं परातीएवढा मिक्सर काउंटरवर ठेवला.

"घ्या मॅडम, बारा चॅनलचा. देवळासाठी पायजे ना?"

"नाही, माझ्यासाठी."

"घरी बारा माणसं गातेत का?"

"एकच. तीही गात नाही, वाचते."

"मग मिक्सर कशाला? जरा मोठ्यानं वाचा ना."

तुम्हाला हा माणूस आवडला असता. मी त्याला सांगितलं की मला बॅटरीवर चालणारा पाहिजे. तो म्हणाला, बॅटरीवर टॉर्च चालते, मॅडम. मग मी घरी येऊन मोबाइलवर शोधायला लागले आणि शेवटी दोन मिक्सर उरले. दोन्ही लहान, दोन्ही साधारण एकाच किमतीचे. पहिल्याला चार तारांची जागा आणि प्रत्येक तारेला आवाज कमी-जास्त करायचा एक नॉब. बस. दुसरा थोडा रुंद, आणि त्याला प्रत्येक तारेमागे आणखी तीन नॉब आहेत, ज्याला तुम्ही जाड, मधला आणि बारीक म्हणायचा. तुम्ही ट्रेबल हा शब्द कधी वापरला नाहीत. "बारीक चढव," म्हणायचा, "बाईचा आवाज हाय." दोन मिक्सर, एवढाच प्रश्न आहे. तीन आठवडे मी तो सोडवते आहे.

बाकीचं सगळं मला जमतं, आणि ते तुमच्यामुळं जमतं. तिन्ही यंत्रांना वीज एकाच पॉवर बँकेतून दिली तर हम येतो, मागे सतत घूं असा आवाज. पहिल्या दिवशी तो आला तेव्हा माझी जोडीदार तारा बदलत बसली. मी सरळ सिंथेसायझरची वायर काढली आणि त्यात सेल घातले. हम गेला. ती म्हणाली, "मॅडम, फिजिक्स माझं आहे ना?" मी म्हटलं, माझं स्वयंपाकघर आहे. तिला कळलं नाही. तुम्ही मशीन स्वयंपाकघरात तपासायचा, कारण घरात अर्थिंग असलेला प्लग तेवढा एकच होता. ओट्यावर आई भाकरी थापते आहे आणि तिच्या कोपराशी तुमचं उघडं मशीन आहे, त्यातून लाल-काळ्या तारा बाहेर आल्या आहेत, तुम्ही कान खाली नेऊन हम ऐकताय.

"माझ्या पिठात तारा नका घालू."

"पिठात नाय गेली. बाजूला हाय."

"हम का फम गेला का?"

"थोडा राह्यला."

"मग तोच खा आज. मी भाकरी टाकत नाय."

आणि ती टाकायची. तुम्ही मशीन बंद न करता जेवायला बसायचा, आणि पहिला घास घेताना हम ऐकू येतो का ते बघायचा. आई म्हणायची, यांचं लग्न माझ्याशी झालं का त्या डब्याशी. तुम्ही म्हणायचा, डबा आधी आणला होता.

तुमची काम करायची पद्धत मी नंतर कुणाची पाहिली नाही. मंडपात पोचलं की सगळे नॉब आधी शून्यावर. मग एकेक वर. मग मशीनवर मामूला बसवून तुम्ही मागे चालत जायचा. मामू म्हणजे वीस वर्षं तुमच्याबरोबर असलेला भागीदार. त्याचं खरं नाव घेताना मी तुम्हाला कधी ऐकलं नाही. शेंद्र्याच्या पलीकडच्या एका गावात लग्न होतं, तेव्हा तिथं कारखाने नव्हते, ज्वारी होती. मी कॉलेजला होते, सुट्टी होती म्हणून आले होते. तुम्ही नवऱ्याकडच्या खुर्च्या ओलांडून गेलात, बायकांची बैठक ओलांडून गेलात, कनातीच्या बाहेर, जिथं आचारी भाताची हंडी उतरवत होता आणि दोन बायका भांडी घासत होत्या, तिथं जाऊन उभे राहिलात. "मंगलाष्टकं इथं आली पायजेत," म्हणालात. मी विचारलं, इथं कोण ऐकतंय? भांडी घासणाऱ्या बाईनंच उत्तर दिलं, "आमी काय बहिऱ्या हाव का?" तुम्ही इतके खूश झालात की तिला सुपारी दिलीत. डावा आवाज, उजवा आवाज, हा प्रकार तुम्हाला पटायचा नाही. मधोमध खुर्ची असलेल्या एका माणसासाठी तो असतो, म्हणायचा. सगळ्या भोंग्यांतून एकच आवाज, सगळ्यांना सारखा. मी विद्यापीठात पुढं बरंच काही वाचलं. त्यातलं फारच थोडं एवढं स्पष्ट होतं.

तुम्ही मला एक वस्तू करून दिली होती. मी बी.ए.ला होते आणि माझ्या कविता टेपवर वाचून ठेवायची मला हौस होती, पण नुसता आवाज मला कोरडा वाटायचा. रेडिओवर दोन स्टेशनांच्या मध्ये जी खरखर येते ती मला मागे हवी होती. तुम्हाला सांगायला मी लाजत होते. तुम्ही हसला नाहीत. "खरखर कशाला?" एवढंच विचारलंत. मी म्हटलं, आवडते. दोन दिवसांनी चहाच्या पत्र्याच्या डब्यात तुम्ही ते बसवून आणलंत: दोन तारा आत, एक बाहेर. एकीत रेडिओ, एकीत माईक, बाहेरची टेपला. मी डबा फिरवून बघितला. नॉब कुठं आहे?

"नाय दिला."

"मग कमी-जास्त कसं करायचं?"

"ज्याचा आवाज हाय त्याच्यापाशीच कमी कर. रेडिओ कमी करायचा तर रेडिओ कमी कर. मधे नॉब ठिवला की हात जातो, माय. काम नसलं तरी जातो."

तो डबा पुढं घर बदलताना गेला. भंगारात गेला की कुणाला दिला, आठवत नाही. पण वाक्य राहिलं, आणि या तीन आठवड्यांत मी ते रोज वापरलं. नॉब नसलेला मिक्सर घ्यायचा, कारण अण्णा म्हणायचे नॉब असला की हात जातो. माझ्या जोडीदारालाही मी हे ऐकवलं. ती म्हणाली, "तुमचे वडील भारीच होते, मॅडम." पण लगेच असंही म्हणाली की सभागृहात टोन लागेल, तिथला आवाज कसा येईल सांगता येत नाही. मी विषय बदलला.

तिच्याबद्दल सांगते, कारण पुढचं तिच्यामुळं आहे. तिचं गाव शेंद्र्याच्या बाजूलाच. घर मेंढपाळांचं. वडील आता कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत, मेंढरं काका राखतात. तिनं एम.एस्सी. केलं, ती घरातली पहिली. वर्गात बोलते ती भाषा वेगळी आणि कशाची घाई झाली की निघते ती वेगळी. पावसाळ्याच्या आधी ती एकदा सॅम्प्लर घेऊन गावी गेली आणि मेंढरं घरी परतताना भरून आणली. प्रयोगशाळेत तिनं ते मला लावून दाखवलं. खूर ऐकू आले. कुत्रं. एक माणूस जिभेनं आवाज काढत होता, ते तिचे काका. धुळीत खूप पाय पडत असल्यासारखा एक जाड आवाज. ती माझ्याकडं बघत होती.

"ऐकलं का, मॅडम? ती लहान घंटी. बाकीच्या ढब ढब वाजतात, ती एकटी किणकिण करते. ती पाठीची हाय. पाठ म्हणजे मेंढीचं पिल्लू, मादी. काकानं तिला मुद्दाम बारकी घंटी बांधली, हरवती म्हणून."

मी म्हणाले, छान आहे.

अण्णा, मला एकही घंटी ऐकू आली नव्हती. लहान नाही, मोठीही धड नाही.

दोन वर्षांपूर्वी मी कान तपासून घेतले होते. खोलीत बसवतात, कानाला हेडफोन लावतात आणि आवाज आला की बटण दाबायला सांगतात. मी बराच वेळ बटण न दाबता बसून होते. मला वाटलं, तपासणी अजून सुरू झाली नाही. नंतर त्यांनी कागदावर रेघ दाखवली. डावीकडं ती सरळ चालते आणि उजवीकडं, जिथं बारीक आवाज असतात, तिथं खाली उतरते. डॉक्टर म्हणाले, घरात कुणाला होतं का? मी म्हणाले, वडिलांना. ते भोंग्यांजवळ काम करायचे. ते म्हणाले, तुम्ही कुठं काम करता? मी म्हणाले, मराठी शिकवते. ते हसले. कानाला यंत्र लावा म्हणाले. मी तो कागद कपाटात साड्यांच्या खाली ठेवला आणि कुणाला सांगितलं नाही.

पण घंटी मला हवी होती. एका मुलीची कविता आहे, तिच्यात कुणीतरी गर्दीत हरवतं आणि सापडत नाही. तिथं ती घंटी पाहिजे हे मला न ऐकताही कळत होतं. म्हणून सरावाला आम्ही वापरतो त्या स्पीकरवरचा बारीकचा नॉब मी चढवला. थोडा, मग आणखी. शेवटाला मला कुठंतरी काचेला नख लागावं तसं काहीसं आलं. मी म्हटलं, आता बरोबर आहे. ती म्हणाली, हो मॅडम. दर सरावाला असं व्हायला लागलं. मी चढवायची, ती हो म्हणायची.

गेल्या आठवड्यात एकदा सराव थांबवून मी प्रयोगशाळेच्या मागच्या बेसिनवर पाणी प्यायला गेले. तिथं काचेचं कपाट आहे, त्यात जुनी भिंगं आणि तराजू असतात. काचेत मागची खोली दिसते. मी ग्लास तोंडाला लावला आणि काचेत बघितलं, तर तिचा हात स्पीकरकडं गेला, बारीकचा नॉब खाली आणला, आणि परत मांडीवर आला. तिनं एकदा माझ्या पाठीकडं पाहिलं. मी परत येऊन बसले. ती म्हणाली, "एकदम क्लिअर आहे आवाज, मॅडम."

हे मी आधी ऐकलेलं होतं. तुम्ही गेल्यावर तीनेक महिन्यांनी मामू घरी आला होता. तुमची पक्कड त्याच्याकडं राहिली होती, ती द्यायला आला. आईनं त्याला चहा दिला. त्यानं बशीतला चहा संपवला आणि मला म्हणाला, "बेटी, एक बात बोलूं? अण्णा को बारीक आवाज नहीं आता था. बहुत साल से. वो नॉब चढा के पीछे जाते थे ना, आचारी के पास? तबतक मैं इधर उतार देता था. वो उधर से हाथ हिलाते, ठीक है. वापस आके बोलते, 'बघ मामू, कसा साफ हाय.' मैं बोलता, हौ अण्णा, एकदम साफ." आई म्हणाली, मला माहीत होतं, मी कुकरची शिट्टी मोजायला यांना सांगणं कधीच सोडलं होतं. मग दोघंही हसले आणि आई रडली. मामू पुढं म्हणाला, "बस एक दिन मैं नहीं था. भांजी की शादी थी." कोणता दिवस, ते त्यानं सांगितलं नाही. मला सांगायची गरज नव्हती.

तो दिवस विद्यापीठातला. मी एम.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या विभागात पुण्याहून एक मोठे समीक्षक व्याख्यानाला येणार होते आणि सभागृहाचं मशीन बिघडलं होतं. ऑफिसमधल्या कुणीतरी तुमच्या दुकानात फोन केला. आदल्या दिवशी तुम्ही जेवताना म्हणालात, "उद्या तुमच्याच इथं हाय मशीन." इस्त्रीचा सदरा काढून ठेवायला आईला सांगितलंत. मामू लग्नाला गेलेला, म्हणून तुम्ही एकटेच आलात. सगळे नॉब शून्यावर आणलेत, एकेक वर केलात, सभागृहाच्या अगदी मागच्या भिंतीपर्यंत चालत जाऊन ऐकलंत, आणि मशीनपाशी येऊन बसलात. पाहुणे बोलायला लागले. चार वाक्यांनंतर शिट्टी सुरू झाली. मोठी नव्हती. सुईसारखी होती, बारीक, अखंड. पाहुणे थांबले, माईककडं बघितलं, परत बोलायला लागले. ती चालूच. लोक कानावर हात ठेवायला लागले. आमच्या विभागप्रमुखांनी मान वळवली. तुम्ही मशीनमागे शांत बसला होता, पाहुण्यांकडं बघत, व्याख्यान ऐकत. तुम्हाला वाटत होतं, सगळं साफ चाललं आहे. तेव्हा मी दुसऱ्या रांगेतून मोठ्यानं म्हणाले, शिट्टी येतेय, ऐकू येत नाही का? सभागृह हसलं. तुम्ही आधी चुकीचा नॉब खाली केलात, जाडचा. मग बरोबरचा.

घरी तुम्ही जेवून झाल्यावर मला स्वयंपाकघरात बोलावलंत. ओट्यापाशी उभे होता. रागावलेले नव्हता. "शिट्टी आली ना," म्हणालात, "तर मशीनकडं बघू नाय. बोलणाऱ्याकडं बघावं. आपण जिकडं बघतो ना माय, तिकडं समदे बघतेत. बोलणाऱ्याचं काम बिघडतं." एवढंच. त्यानंतरच्या कामापासून मामू मशीनवर कायमचा बसला आणि तुम्ही तारा ओढायला लागलात. लोक विचारायचे, अण्णा, मशीन सोडलं का? तुम्ही म्हणायचा, बसून बसून पोट सुटलं. तुमचं पोट कधीच सुटलेलं नव्हतं. अजिंठ्याजवळच्या एका सप्त्यात मी तुम्हाला खांबावर चढून तार बांधताना पाहिलं, आणि खालून मामू ओरडत होता, "उतरो अण्णा, मैं चढता," आणि तुम्ही वरून म्हणत होता, "तू नॉब सांभाळ, मशीन सोडू नको." तुम्ही खूश दिसत होता. मला तेव्हा तसं समजून घेणं सोयीचं होतं.

तर नॉब नसलेला मिक्सर. काचेत तिचा हात पाहिल्यावर मला कळलं की मला तो का हवा आहे. तुमच्या वाक्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. नॉबच नसले तर मी ते चढवणार नाही, चढवले नाहीत तर कुणाला उतरवावे लागणार नाहीत, आणि शनिवारी दोनशे मुलांसमोर माझा कान कसा आहे हे कुणाला दिसणार नाही. घंटी वाजो न वाजो. म्हणजे तिनं एवढ्या लांबून आणलेला तो आवाज मी नीट लागू देणार नव्हते, स्वतःला झाकण्यासाठी. आणि वर तुमचं नाव.

काल सराव संपल्यावर ती तारा गुंडाळत होती. तुमच्यासारखीच गुंडाळते, कोपराला वेढा न देता, हातात सैल. मी म्हणाले, "मला घंटी ऐकू येत नाही."

"कोणती?"

"कोणतीच. काका ऐकू येतात. खूर येतात. कुत्रं येतं."

तिनं तार खाली ठेवली. "म्हाईत हाय, मॅडम."

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. तुम्ही बारीक एवढा चढवायच्या की कुत्रं खरं असतं तर पळून गेलं असतं."

मला हसू आलं. तिलाही आलं, पण तिनं ते आवरलं.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही छान आहे म्हणला होता. मॅडम छान म्हणल्यावर मी काय म्हणू?" मग तार परत उचलत म्हणाली, "अन् मला वाटलं, बोलले तर तुम्ही कार्यक्रमच रद्द कराल."

ते खरं होतं. मी तिला मोबाइलवर दोन्ही मिक्सर दाखवले. तिनं दुसऱ्यावर बोट ठेवलं, तीन नॉबवाल्या.

"हा घ्या. अन् माझ्या बाजूला ठेवा. घंटी मी बघते, तुम्ही वाचा. तुम्ही वाचताना नॉबकडं बघायचंच नाही."

"आणि मी काही चढवलं, तर?"

"तर मी सांगते."

"कसं?"

"कसं म्हणजे? मोठ्यानं तर नाय ना सांगणार. जवळ येऊन."

मिक्सर आज मागवला. गुरुवारी येईल असं लिहिलं आहे. कानाचा कागद साड्यांखालून काढून मी टेबलावर ठेवला आहे, त्या डॉक्टरांना उद्या फोन करेन. तुम्हाला सांगायचं ते एवढ्यात संपलं असतं, आणि हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार असतं तर मी इथं थांबले असते. पोचणार नाही, म्हणून पुढचं लिहिते. तिनं "जवळ येऊन" असं म्हटलं तेव्हापासून मी पावलं मोजते आहे. दुसऱ्या रांगेपासून तुमच्या मशीनपर्यंत बारा असतील, फार तर पंधरा. मी उठून आले असते, वाकून तुमच्या कानाशी सांगितलं असतं, तर कुणी हसलं नसतं. पण मग मी तुमची कोण हे सगळ्यांना कळलं असतं. विभागात मी ते कुणाला सांगितलेलं नव्हतं. तुम्ही आत आलात तेव्हा एकदा माझ्याकडं पाहिलंत. मी हातातली कार्यक्रमपत्रिका वाचत होते. नंतर तुम्ही पुन्हा पाहिलं नाहीत. त्यामुळं वर लिहिलेलं माझं वाक्य अर्धंच आहे. पूर्ण वाक्य असं होतं: "अहो माईकवाले, शिट्टी येतेय, ऐकू येत नाही का?"

माझा आवाज तुम्हाला ऐकू आला. तो बारीक नव्हता. तुम्ही मान वर केली नाहीत. "व्हय मॅडम," म्हणालात, आणि नॉब शोधायला लागलात.